‘लाइट’पासून सुरुवात: इंग्रजी यमकं ऐकायची कशी आणि त्यांचे अर्थ लावायचे कसे

दुकानावर ‘सेल’ अशी पाटी दिसली की भाव उतरलेत हे आपल्याला लगेच कळतं. घड्याळात घालतो तोही सेल. जीवशास्त्राच्या पुस्तकातली पेशी सेल, तुरुंगातली कोठडी सेल, विकणं म्हणजे सेल आणि गलबताचं शीड तेही सेल. देवनागरीत सगळे एकसारखेच दिसतात. इंग्रजीत मात्र हे वेगवेगळ्या स्पेलिंगचे चार शब्द आहेत आणि त्यांचे उच्चार दोन. पेशी, कोठडी आणि बॅटरीचा सी-ई-एल-एल आणि विकण्याचा एस-ई-एल-एल, या दोघांतला ‘ए’ आखूड. दुकानातला एस-ए-एल-ई आणि शिडाचा एस-ए-आय-एल, या दोघांतला ‘ए’ लांब. आखूड सेलचं यमक घंटेच्या ‘बेल’शी आणि सांगण्याच्या ‘टेल’शी जुळतं. लांब सेलचं जुळतं टपालाच्या ‘मेल’शी आणि शेपटीच्या ‘टेल’शी.

मराठी माध्यमात शिकून आता नोकरीसाठी, परीक्षेसाठी किंवा मुलांचा अभ्यास घेण्यासाठी इंग्रजीकडे वळलेल्यांची पहिली अडचण इथेच होते. शब्द ओळखीचे असतात, पण कानाला वेगळे लागत नाहीत आणि एकेकाचे चार-चार अर्थ निघतात. मग माणूस अर्थांच्या याद्या पाठ करायला बसतो. माझं ठाम मत असं की याद्या बाजूला ठेवाव्यात. आधी यमकावरून कान तयार करावा आणि मग शेजारच्या शब्दावरून अर्थ ठरवावा. खाली याच क्रमाने पायऱ्या दिल्या आहेत. एकेक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाण्याची घाई करू नका.

पायरी पहिली: इंग्रजी यमक म्हणजे काय ते नीट समजून घ्या

शाळेत आपण यमक शिकलो ते असं: चरणाच्या शेवटी तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने आली की यमक. शेवटची अक्षरं जुळली की आपला कान खूश होतो. इंग्रजीत नियम थोडा निराळा आहे. शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो, त्या स्वरापासून शेवटपर्यंतचं सगळं जुळायला हवं आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन मात्र वेगळं हवं.

म्हणून ‘मेकिंग’ आणि ‘सिटिंग’ हे इंग्रजीत यमक नव्हे. दोन्हींच्या शेवटी ‘इंग’ आहे खरं, पण जोर ‘मे’वर आणि ‘सि’वर आहे आणि तिथून पुढचं जुळत नाही. ‘मेकिंग’ला ‘टेकिंग’ जुळतं, ‘सिटिंग’ला ‘हिटिंग’. मराठी माणूस इंग्रजीत दोन ओळी जुळवायला गेला की बहुधा इथेच घसरतो, कारण त्याला ‘इंग’ पुरेसा वाटतो.

दुसरी गोष्ट, यमक कानाचं असतं, स्पेलिंगचं नसतं. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांनी संपणारे शब्द पाहा: खोकला ‘कॉफ’, खडबडीत ‘रफ’, मळलेलं पीठ ‘डो’, आरपार ‘थ्रू’, झाडाची फांदी ‘बाव’. शेपूट एकच, पण एकाचंही दुसऱ्याशी यमक नाही. उलट ‘ब्लू’, ‘शू’, ‘टू’, ‘थ्रू’ आणि ‘फ्ल्यू’ यांची स्पेलिंगं एकमेकांना ओळखतही नाहीत, पण यमक अगदी चोख. शब्द डोळ्यांनी वाचून यमक ठरवू नका, मोठ्याने म्हणून ठरवा.

पायरी दुसरी: मराठी कानाला चकवणाऱ्या जोड्या वेगळ्या करा

या पायरीवर जास्तीत जास्त दिवस घालवा. इथे कान तयार झाला की पुढचं सगळं सोपं जातं.

सगळ्यात मोठा गोंधळ ‘ए’चा. मराठीत आखूड ‘ए’ आणि लांब ‘ए’ असा अर्थ बदलणारा फरक नाही, त्यामुळे आपण दोन्ही एकाच मापाने म्हणतो. परीक्षेची ‘टेस्ट’ आखूड, चवीची ‘टेस्ट’ लांब. लिहायचं ‘पेन’ आखूड, दुखण्याचं ‘पेन’ लांब. ओल्या अर्थाचा ‘वेट’ आखूड; थांबायचा ‘वेट’ आणि वजनाचा ‘वेट’ दोन्ही लांब आणि उच्चाराला एकच. मिळण्याचं ‘गेट’ आखूड, फाटकाचं ‘गेट’ लांब. सराव असा करा: आखूडसाठी तोंड जरा सैल उघडा आणि स्वर पटकन तोडा. लांबसाठी ‘ए’ म्हणता म्हणता जीभ ‘इ’कडे सरकू द्या, ‘पेइन’, ‘सेइल’, ‘गेइट’ असं. सुरुवातीला कृत्रिम वाटेल, पण वाटू द्या.

मग ‘स’ आणि ‘झ’. किंमत म्हणजे ‘प्राइस’, बक्षीस म्हणजे ‘प्राइझ’. भाताचा ‘राइस’ बर्फाच्या ‘आइस’शी जुळतो; वर येण्याचा ‘राइझ’ डोळ्यांच्या ‘आइझ’शी जुळतो. मराठीत ‘स’ आणि ‘झ’ दोन्ही ध्वनी असल्यामुळे हा फरक करणं आपल्याला जड नाही, फक्त सवय नाही.

‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’ या जोड्या बहुतेक वर्गांत शिकवतात, म्हणून त्यांवर थांबत नाही.

एक जोडी मात्र सहसा कुणी सांगत नाही. ‘सिंगर’ आणि ‘फिंगर’ देवनागरीत अगदी सख्खे यमक दिसतात. प्रमाण इंग्रजी उच्चारात ते यमक नाही. बोटाच्या ‘फिंगर’मध्ये ‘ग’ स्पष्ट ऐकू येतो. गाणाऱ्याच्या ‘सिंगर’मध्ये ‘ग’ येतच नाही, ‘वाङ्मय’ या शब्दात आपण जो ‘ङ’ म्हणतो तेवढाच नाकातला आवाज येतो आणि त्याला ‘अर’ लागतो. कपडे टांगायचा ‘हँगर’ आणि रागाचा ‘अँगर’ यांचंही असंच.

कान तयार झाला की नाही हे तपासायला तुमचा फोन चांगला. भाषा इंग्रजी ठेवून बोलून टाइप करण्याची सोय सुरू करा आणि एकच शब्द म्हणा, वाक्य नको, कारण वाक्यावरून फोन अंदाज बांधतो. ‘पेन’ म्हणून दुखणं उमटलं की समजा, स्वर लांबला.

पायरी तिसरी: एक कुटुंब घ्या आणि ते पूर्ण मांडा

आता एक यमक निवडा. मी नेहमी ‘आइट’पासून सुरुवात करायला सांगतो. ते भरपूर मोठं आहे आणि त्यातले निम्मे शब्द आपण मराठीत रोज वापरतो. पद्धत आपल्या ओळखीची आहे: बाराखडीत जसं एका व्यंजनाला सगळे स्वर लावतो, तसं इथे एका शेपटीला सगळी व्यंजनं लावायची. बाइट, फाइट, हाइट, काइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, व्हाइट. मग जोडाक्षरं: ब्राइट, फ्लाइट, फ्राइट, प्लाइट, स्लाइट, क्वाइट. मग दोन अक्षरांचे, जोर शेवटी असलेले: टुनाइट, पोलाइट, इन्व्हाइट, डिस्पाइट.

मांडताना तीन ठिकाणी सावध राहा. उंचीचं ‘हाइट’ आणि वजनाचं ‘वेट’ यांच्या स्पेलिंगमध्ये फक्त पहिलं अक्षर वेगळं आहे, पण यमक अजिबात नाही. ‘फेव्हरिट’, ‘ऑपोझिट’, ‘डेफिनिट’ यांची शेवटची तीन अक्षरं ‘व्हाइट’सारखीच असली तरी ती ‘आइट’ची मंडळी नव्हेत. आणि ‘क्वाइट’ म्हणजे बऱ्यापैकी, तर शांत म्हणजे ‘क्वायट’, त्याचं यमक ‘डाएट’ आणि दंगलीच्या ‘रायट’शी.

आता यातल्या कोणत्या शब्दात एकापेक्षा जास्त शब्द लपले आहेत ते शोधा. ‘साइट’ तीन आहेत: नजर किंवा दृश्य, बांधकामाची जागा आणि दाखला देणे. ‘राइट’ तीन: बरोबर किंवा उजवा, लिहिणे आणि धार्मिक विधी. ‘नाइट’ दोन: रात्र आणि सरदार. बुद्धिबळातल्या घोड्याला इंग्रजीत जे ‘नाइट’ म्हणतात ते या सरदारावरून. ‘माइट’ म्हणजे बळ, ‘कदाचित’चा सूर लावणारं क्रियापद आणि वेगळ्या स्पेलिंगने गादीतली अतिसूक्ष्म कीड. ‘बाइट’ म्हणजे चावा, आणि संगणकातला ‘बाइट’ आय काढून वाय घातलेला. हा दुसरा शब्द १९५६ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीतले वेर्नर बुखोल्झ यांनी घडवला आणि स्पेलिंग मुद्दाम बदललं, कारण चाव्याच्या स्पेलिंगमधला शेवटचा ई चुकून गळला तर त्याचा ‘बिट’ हे संगणकातलंच दुसरं माप होऊन घोळ झाला असता.

लक्षात घ्या, इंग्रजी कवितेत ‘राइट’ला ‘राइट’ जुळवलं तर ते चांगलं यमक धरत नाहीत, कारण आधीचं व्यंजन बदललं पाहिजे. संस्कृत-मराठी परंपरेत मात्र तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने येणं हीच यमकाची खरी शोभा.

पायरी चौथी: स्पेलिंगमधला न बोलणारा भाग समजून घ्या

एल-आय-जी-एच-टी. यातल्या जी-एचचं काम काय, हे प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो आणि ‘ते सायलेंट असतं’ एवढं उत्तर मिळवून गप्प बसतो. उत्तर याहून खूप चांगलं आहे.

तो आवाज एके काळी बोलला जात होता, घशातून घासत येणाऱ्या ‘ख’सारखा. रात्रीचा शब्द साधारण ‘निख्ट’ असा होता. स्कॉटलंडच्या बोलीत आजही तसा म्हणणारे लोक आहेत. जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांना हे रोज ऐकू येतं: रात्र ‘नाख्ट’, उजेड ‘लिख्ट’, आठ ‘आख्ट’. सरदाराच्या ‘नाइट’मधला पहिला के सुद्धा म्हणत असत. पुढे इंग्लंडमध्ये हा ‘ख’ गळाला, त्यामुळे आधीचा स्वर लांबून ‘ई’ झाला आणि साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर जागचे हलले, तेव्हा त्या ‘ई’चा ‘आइ’ झाला. चाव्याच्या ‘बाइट’मध्येही आधी ‘ई’च होता, तो याच लाटेत ‘आइ’ झाला. म्हणजे आज एका यमकात बसलेले हे शब्द मुळात एका यमकात नव्हतेच. विल्यम कॅक्स्टन यांनी वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६ मध्ये. उच्चार सरकत असतानाच छापील स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेली आणि जुन्या उच्चाराची खूण कागदावर राहून गेली.

या खुणेचा मराठी माणसाला दुहेरी उपयोग आहे. श्रावणी सोमवारी दिवसभर उपास करून रात्री जेवतात त्याला नक्त म्हणतात, त्यातला ‘नक्त’ आणि इंग्रजी ‘नाइट’ एकाच मुळाचे. ‘नक्त’मधल्या ‘क्’च्या जागी इंग्रजीत जी-एच उभे आहेत. ‘अष्ट’ आणि ‘एट’ही तसेच. एवढं एकदा समजलं की जी-एच लिहायला विसरणं अवघड होतं.

पायरी पाचवी: उलट शब्दाने अर्थ पकडा

आता अर्थाकडे. ‘लाइट’ हाच शब्द घेऊ.

मराठीत आपण ‘लाइट’ घेतला तो एकाच अर्थाने. लाइट गेली म्हणजे वीज गेली, लाइट बिल म्हणजे विजेचं बिल. इंग्रजीत वीज गेली तर ‘द पॉवर इज आउट’ म्हणतात आणि बिल ‘इलेक्ट्रिसिटी बिल’ असतं. उसना घेतलेला शब्द आपल्याकडे आखडला आहे हे आधी मान्य करा, नाहीतर मराठीतला अर्थ इंग्रजी वाक्यात घुसतो.

इंग्रजीत ‘लाइट’ दिसला की विचारा: याच्या उलट काय? उत्तर ‘डार्क’ आलं तर तो उजेडाचा लाइट. उत्तर ‘हेवी’ आलं तर वजनाचा. ‘लाइट ब्लू’च्या उलट ‘डार्क ब्लू’, म्हणून तो फिकट निळा. ‘लाइट रेन’च्या उलट ‘हेवी रेन’, म्हणून तो रिमझिम पाऊस. ‘लाइट मील’ म्हणजे हलकं जेवण, ‘लाइट ट्रॅफिक’ म्हणजे तुरळक रहदारी, आणि ‘लाइट स्लीपर’ म्हणजे ज्याची झोप सावध आहे असा माणूस. पाहा, मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द आला. म्हणूनच ‘लाइट म्हणजे हलका’ असं पाठ करून भागत नाही. शेजारच्या शब्दासकट जोडी पाठ करावी लागते.

उलट शब्दाची ही कसोटी चालते, कारण हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. वजनाचा ‘लाइट’ आपल्या ‘लघु’चा नातलग. उजेडाचा ‘लाइट’ संस्कृतातल्या ‘रुच्’ म्हणजे चमकणे या धातूचा नातलग. दोघांचे उच्चार शतकानुशतकांच्या प्रवासात एक झाले. वाहनातून उतरणे या अर्थाचा ‘अलाइट’ हा वजनवाल्या लाइटकडचा: स्वार खाली उतरला की घोड्याचं ओझं हलकं होतं. दिवा लावणे हा अर्थ अर्थातच उजेडवाल्याकडचा, आणि त्याचा भूतकाळ बहुधा ‘लिट’.

‘राइट’ची गोष्ट वेगळी. बरोबर, उजवा आणि हक्क हे तिन्ही अर्थ एकाच शब्दातून फुटले. मूळ अर्थ सरळ, आणि संस्कृत ‘ऋजु’ त्याच घरातला. सरळ ते योग्य, योग्य ते हक्काचं, आणि लोकांनी जो हात योग्य मानला तो उजवा. मराठीतही एखादा दुसऱ्यापेक्षा ‘उजवा ठरला’ असं म्हणतोच. ‘काइट’सुद्धा असाच. मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणारी घार म्हणजे काइट आणि तिच्यासारखा वाऱ्यावर तरंगतो म्हणून पतंगही काइट.

हा भेद ओळखता आला की पाठांतर अर्ध्यावर येतं. एकाच मुळाचे अर्थ असतील तर मधला धागा शोधा, सगळे आपोआप आठवतात. दोन वेगळे शब्द योगायोगाने एकसारखे झाले असतील तर धागा शोधू नका, दोन स्वतंत्र नोंदी करा. शब्दकोश यात मदत करतो. चांगल्या छापील इंग्रजी कोशात वेगवेगळ्या मुळांचे शब्द बारीक आकडे घालून वेगळे छापलेले असतात, आणि एकाच शब्दाचे फाटे एका नोंदीखाली क्रमाने येतात. ‘मॅच’ उघडून पाहा: आगपेटीची काडी आणि क्रिकेटचा सामना दोन नोंदींत सापडतील. ‘फेअर’ पाहा: जत्रा एकीकडे, गोरा आणि न्याय्य दुसरीकडे, आणि प्रवासभाडं तर निराळ्याच स्पेलिंगने.

पायरी सहावी: एकच स्पेलिंग, दोन उच्चार

इथे गाडी उलट दिशेने जाते. डोळ्यांना एक शब्द दिसतो आणि तो दोन यमकांत बसतो. टी-ई-ए-आर: अश्रू असेल तर ‘टिअर’, यमक ‘फिअर’शी, फाडणे असेल तर ‘टेअर’, यमक ‘केअर’शी. वारा ‘विंड’, गुंडाळणे ‘वाइंड’, यमक ‘काइंड’शी. धनुष्य ‘बो’, वाकून नमस्कार ‘बाव’. शिसं ‘लेड’, पुढाकार घेणे ‘लीड’.

आपण रोज ज्यात चुकतो ते शब्द मात्र याहून साधे आहेत. ‘यू-एस-ई’ नाम असेल तर ‘यूस’, क्रियापद असेल तर ‘यूझ’. जवळचा मित्र ‘क्लोस फ्रेंड’, दार लावा ‘क्लोझ द डोअर’. घर ‘हाउस’, घरात जागा देणे ‘हाउझ’. इथे यमकच अर्थ सांगतं: शेवटी ‘झ’ आला की बहुधा क्रिया.

पायरी सातवी: वही आणि कोश

एका कुटुंबाला वहीची दोन समोरासमोरची पानं द्या. डाव्या पानावर यमकं, उच्चाराप्रमाणे गट करून. उजव्या पानावर प्रत्येक शब्दाची एकेक जोडी, सुटा अर्थ नको: ‘लाइट रेन’, ‘टाइट शूज’, ‘फ्लाइट ऑफ स्टेअर्स’ म्हणजे जिन्याचा एक सलग टप्पा. मग त्याच कुटुंबातल्या शब्दांची स्वतःची छोटी वाक्यं करा. ‘टर्न राइट ॲट द लाइट.’ ‘टुनाइट आय विल राइट.’ वाक्य ओबडधोबड झालं तरी चालेल, पण ते तुमचं हवं.

यमकं शोधायला यमककोश असतात. जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये असा इंग्रजी कोश काढला होता, त्यात शब्द पहिल्या अक्षराऐवजी शेवटच्या अक्षरांवरून लावलेले होते. आता ऑनलाइन यमककोश क्षणात यादी देतात. यादी घ्या, पण प्रत्येक शब्द उच्चार ऐकवणाऱ्या कोशात ऐकूनच वहीत घ्या, आणि ब्रिटिश की अमेरिकी हे एकदा ठरवून त्यालाच धरून राहा. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात चटणीवजा ‘सॉस’ आणि उगमाचा ‘सोर्स’ हुबेहूब एक आहेत. अमेरिकेत आणि आपल्या तोंडी ‘र’ स्पष्ट येतो, म्हणून ते वेगळे.

‘आइट’ झालं की पुढचं कुटुंब ‘एअर’ घ्या. त्यात अस्वल आणि उघडा, नासपती आणि जोडी, केस आणि ससा, जिना आणि टक लावणे अशा एका उच्चाराच्या जोड्या भरलेल्या आहेत. त्यानंतर ‘एल’ घ्या, पण आखूड ‘एल’ आणि लांब ‘एल’ यांना दोन वेगळी पानं द्या.